वाळूचं कोकरू

त्या सकाळी तुम्ही म्हणालात, "खांदा धरलाय." मी तव्यावर वाळू तापवली, पिशवीत भरली आणि पिशवी तुमच्या मानेवर ठेवली. तुम्ही ओट्यावर बसलात. मी शिकवायला शाळेत गेले. दुसऱ्या तासाला शेजारी वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. आम्ही तुम्हाला जीपमध्ये घातलं आणि वसमतला नेलं. जीप पोचली तेव्हा तुम्ही नव्हतात.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "खांदा कधीपासून दुखत होता?"

मी म्हणाले, "बारा-तेरा वर्षं झाली."

ते लिहायचे थांबले. त्यांना तास विचारायचे होते, मी वर्षं सांगितली होती. मग ते सावकाश म्हणाले की दुखणं हृदयाचं होतं. ते पुष्कळदा डाव्या खांद्यातच उतरतं, मानेत येतं, हातात येतं. "नेहमीपेक्षा वेगळं काही वाटलं नाही का?" मी नुसती मान हलवली. ती हलवताना मनात आलं, तुम्हाला तर एवढंही धड करता येत नव्हतं.

आता तेरावं होऊन गेलंय. शिरड शहापुरातली झाडून सगळी माणसं ओट्यावर येऊन बसली आणि गेली. जो तो एकच बोलत होता. "येवढ्या वरून फिरून सुखरूप आला, आन् ओट्यावर बसल्या बसल्या गेला." कुणी म्हणालं, "फौजी माणूस, तकलीफ न्हाई झाली, हे बरं झालं." मी आत बसून ऐकत होते. तकलीफ झाली नाही, हे त्यांना कुणी सांगितलं? तुम्हीच. गेली कित्येक वर्षं तुम्ही सगळ्यांना हेच सांगत आला होतात.

तुम्ही फौजेत हेलिकॉप्टरवर होतात, म्हणून आम्हाला एकच भीती माहीत होती. वरून पडण्याची. रेडिओवर बातम्या लागल्या की मी कणकेचे हात तसेच धरून उभी राहायची. बातमी दुसऱ्याच कशाची निघाली की पुन्हा परातीपाशी बसायची. मानेची भीती मात्र कुणी घालून दिलेली नव्हती. मान काय, कुणाचीही दुखते.

मला पहिल्यांदा कळलं ते सिद्धेश्वरच्या धरणावर. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील, तुम्ही सुट्टीवर आला होतात. पाण्यावरून बगळ्यांची रांग चालली होती. मी म्हणाले, "वर बघा." तुम्ही आधी कमरेतून मागं रेललात. तेवढ्यानं भागेना, तेव्हा सरळ धरणाच्या भिंतीवर उताणे झालात आणि म्हणालात, "हां, दिसले." मी हसत सुटले. मला वाटलं चेष्टा करताय. माझं हसून झाल्यावर तुम्ही उठण्यासाठी हात पुढं केलात आणि मी ओढल्याशिवाय उठला नाहीत.

"मानेला काय झालंय?"

"काय न्हाई. उडणाऱ्याला वर बघायचं कामच पडत न्हाई, मास्तरीणबाई. आमचं सगळं खालीच राहतं."

त्या दिवशी घरी आल्यावर मी पिच्छाच पुरवला, तेव्हा तुम्ही बाजेवर पालथे झालात. डोकं बाजेबाहेर काढलंत. "ती पातेली दे इकडं," म्हणालात आणि दुधाची रिकामी पातेली डोक्यावर चढवलीत. मग समजावून सांगितलंत. हेलिकॉप्टरच्या पोटाखाली दोराला सामान टांगलेलं असतं. ते पायलटला दिसत नाही. म्हणून एक जण दारात असा पालथा पडतो, डोकं बाहेर काढतो, खाली बघत राहतो आणि तोंडापुढच्या माइकवर पायलटला सांगत राहतो. डावीकडं. अजून थोडं. खाली. बस. डोक्यावर लोखंडासारखं जड हेल्मेट, त्यावर पंख्याचा वारा. सगळं यंत्र थरथरत असतं आणि त्यात मान तेवढी उचलून धरायची. अंगाचा भार डाव्या कोपरावर.

"शेळी कुंपणातून पाल्याला मान काढती का न्हाई, तसं," तुम्ही पातेलीच्या आतून म्हणालात.

तेवढ्यात माय आत आली. तुमच्या मायला मीही मायच म्हणते. ती दारातच थबकली. "काय करून राहिला रं, किसन? उलटी होऊन राहिली का? आन् माही पातेली काहून डोक्यावर घेतली?"

त्या दिवशी आपण तिघंही फार हसलो. आपल्याला लेकरू झालं नाही. घरात हसायला कारण लागायचं आणि ते बहुतेक तुम्हीच सुट्टीवर येताना घेऊन यायचात.

आपलं भांडण त्याच सुट्टीत सुरू झालं आणि ते कधीच संपलं नाही. मी म्हणायची, डॉक्टरला सांगा. तुम्ही म्हणायचात, "सांगितलं की खुर्ची."

"म्हणजे काय?"

"उडणं बंद. हापिसात खुर्चीवर बसवतेत. मंग दारात कोण पडल? नवं पोरगं. त्याला अंदाज यायला वरीस जातं. तवर खालच्यायनं काय करावं?"

"एवढ्या फौजेत तुम्ही एकटेच आहात का?"

"दारात एकाचीच जागा असती."

त्यावर मी एकदा चिडून म्हणाले, "दुखतंय हे सांगायला मान लागत नाही. तोंड लागतं." तुम्ही माझ्याकडं वळलात. वळलात म्हणजे खांदे, छाती, कंबर, सगळेच वळलात; तुमचं वळणं तेव्हापासून असंच होतं. म्हणालात, "वर्गात उभी हाय का तू? मला काहून शिकवून राहिली?" आणि शेळ्यांना पाणी दाखवायला निघून गेलात. पुढं एसटीडी बूथवरून तुमचा फोन आला की मी आधी विचारायची, "मान कशी आहे?" "मान मजेत हाय. तुही कशी हाय?" एवढ्यावर तो विषय संपायचा, कारण तुमच्या मागं रांगेत माणसं उभी असायची.

माय भांडली नाही. तिनं पिशवी शिवली.

जुन्या घोंगडीचा फाटका भाग कापून तिनं हातभर लांबीची पिशवी केली. मधोमध आणि दोन्हीकडं सुटे टाके घातले, म्हणजे वाळू एका टोकाला जमून बसू नये. पूर्णेच्या पात्रातली बारीक वाळू चाळून आणली. तव्यावर तापवून ती पिशवीत ओतली, तोंड सुतळीनं बांधलं आणि पिशवी तुमच्या मानेवर आडवी टाकली. तुम्ही तिची दोन्ही टोकं छातीवर हातांनी धरलीत आणि मायनं तुमच्याकडं बघून तोंडाला पदर लावला. तुमचं घर मेंढपाळाचं; कळपामागं चालताना एखादी मेंढी वाटेतच विते. त्या कोकराला चालवत नाही. मग ते मानेवर आडवं घ्यायचं आणि पुढून त्याचे पाय धरायचे. लहानपणी तुम्ही असेच चालायचात म्हणे, कोकरू मोठं झालं तरी खाली ठेवायचा नाहीत.

"घे," माय म्हणाली. "तवा कोकरू उतरत नव्हतं, आता सरकारचं लोखंड उतरत न्हाई."

तेव्हापासून आपल्या घरात त्या पिशवीचं नाव कोकरू. "कोकरू तापव गं." "कोकरू कुठं ठिवलं?" तुम्ही ते युनिटलाही घेऊन गेलात. तिथं तुमच्या सोबत्यांनी त्याची भेड़, म्हणजे मेंढी, करून टाकली. उडून आलं की बराकीत पाळी लागायची म्हणे, दादा, आज भेड़ मेरी. तुम्ही हे अभिमानानं सांगायचात. मलाही आनंद व्हायचा. पूर्णेची वाळू कुठल्या कुठं जाऊन कुणाकुणाच्या मानेवर बसते, हे मी वर्गातसुद्धा सांगितलं होतं.

पुढं अंधारातलं दाखवणारा चष्मा आला. तो हेल्मेटच्या पुढं अडकवायचा. डोकं पुढं ओढलं जाऊ लागलं, म्हणून हेल्मेटच्या मागं तोलाला वजन लावायचं. तुम्ही हे सांगत होतात तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते. मी पेन खाली ठेवला.

"म्हणजे ओझं जास्त झालं म्हणून आणखी ओझं लावलं?"

"बराबर," तुम्ही म्हणालात आणि हसलात. मग मान चोळत म्हणालात, "आता भेड़ दोन टाइम लागती."

मला एक गोष्ट तुम्हाला कधी विचारता आली नाही ती अशी, की हे सगळं तुम्हाला आवडत होतं का. भांडताना मी असं धरून चालायची की तुम्ही हट्टानं करताय, कर्तव्य म्हणून करताय. पण एकदा तुम्ही म्हणाला होतात, बर्फात चौकीवरची माणसं सामानाची वाट बघत तोंडं वर करून उभी असतात. रॉकेल, कांदे, पत्रं. दारातून त्यांची तोंडं दिसतात. "मेंढरं तहानेली असली, आन् आपण बादली घेऊन आलो, की कशी एकदम मान वर करतेत. तसं." मी विचारलं, "तेव्हा दुखत नाही?" तुम्ही म्हणालात, "तवा न्हाई. उतरल्यावर." त्या वेळी तुमचं तोंड जसं झालं होतं, तसं ते माझ्याकडं बघून कधी झालं नाही. मला त्या दाराचा मत्सर वाटला. हे मी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही हसला असतात आणि मला ते चाललं असतं.

तुम्ही निवृत्त होऊन आलात ते कागदावर ठणठणीत माणूस म्हणून. थोड्या शेळ्या आणि चार मेंढ्या घेतल्यात. तुमच्या हाताच्या बोटांना मुंग्या येत, सुतळीची गाठ सुटत नसे. नरसीच्या यात्रेत माणसं मागून हाका मारायची आणि तुम्ही वळेपर्यंत पुढं निघून जायची. मग "फौजी लई मिजासी झाला" असं बोलणं कानावर यायचं. खाली मान घालून वाचणं तुम्हाला जमत नव्हतं, म्हणून संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायची. पेपर, लायब्ररीतली पुस्तकं, एखाद्या मुलाचा निबंधसुद्धा. तुम्ही कोकरू गळ्यात घेऊन भिंतीला डोकं टेकून ऐकायचात. मध्येच म्हणायचात, "थांब. ते परत वाच." लग्नाची इतकी वर्षं आपण एकमेकांपासून लांब काढली होती. ती माझ्या मते त्या संध्याकाळींनी भरून निघाली. खरंच सांगते, मला तुमच्या मानेचा थोडा उपकारही वाटायचा. ती धड असती तर तुम्ही स्वतःच वाचलं असतं.

म्हणून मला तुमचा राग येतो तेव्हा तो नीट येत नाही.

त्या सकाळी थंडी होती. तुम्ही उजवा हात डाव्या खांद्यावरून खाली कोपरापर्यंत नेलात. मी ते पाहिलं. तुमच्या कपाळावर घाम होता, तोही पाहिला. वाळू जरा जास्त तापली असेल असं वाटलं. "आज खाली उतरलंय का?" मी विचारलं. "थंडीचं हाय. जा तू, घंटा व्हईल." मी चपला घातल्या. दुसऱ्या कुठल्याही घरात कुणी असा हात धरला असता, तर कुणीतरी धावलं असतं. आपल्या घरात वाळू तापवली. तुमच्या खांद्याची आपल्याला इतकी सवय होती.

डॉक्टर काय म्हणाले ते मी मायला सांगितलं. न सांगून चाललं नसतं, तिनं मला दोनदा विचारलं होतं. ती ऐकून चुलीपाशी बसली. मग म्हणाली, "पोरी, म्या कोकरू शिवलं नसतं, तर तो दवाखान्यात गेला असता का?"

मी म्हणाले, "असं नसतं, माय."

"मंग कसं असतं?"

इतकी वर्षं मुलांना उत्तरं शिकवली आणि हे आलं नाही. त्या दिवसापासून मायनं पिशवीला हात लावला नाही. पिशवी खुंटीवर होती, माय त्या भिंतीकडं पाठ करून जेवायची. मी ती कपाटात ठेवायला गेले तर म्हणाली, "राहू दे. लपवू नको."

चार दिवसांपूर्वी तुमच्या मोबाइलवर फोन वाजला. नेगी म्हणून कुणी होता, तुमच्या युनिटातला. त्याला काही माहीत नव्हतं, तुम्हालाच हाक मारत होता. मी सांगितलं. पलीकडून फोन बंद झाला. आणि काल दुपारी तो स्वतः आला. हिंगोलीहून बसनं. रस्त्याच्या कडेला उतरून त्यानं कुणाला तरी पत्ता विचारला. त्या माणसानं मागं बोट दाखवलं आणि नेगी वळला. खांदे, छाती, कंबर, सगळाच वळला. मी ओट्यावरून बघत होते. नाव विचारायची गरज पडली नाही.

तो तुमच्याहून बराच लहान आहे. मायच्या पाया पडताना त्याला गुडघे टेकावे लागले. चहा झाला. मग तो बोलू लागला. तुमच्याच हेलिकॉप्टरवर तुमची पाळी झाली की तो दारात पडायचा. एकदा त्याच्या हातून पट्ट्याचा हूक लागेना. तुम्ही ते पाहिलंत आणि त्याला तसंच हाताला धरून डॉक्टरकडं घेऊन गेलात. त्याचं उडणं बंद झालं. खुर्ची मिळाली.

"साल भर मैंने दादा से बात नहीं की, भाभी," तो म्हणाला. "मैं बोलता था, इस आदमी ने मेरी उड़ान छीन ली. आज मेरा हाथ चलता है. बेटे को उठा लेता हूँ."

मी विचारलं, "ते तुम्हाला काय म्हणाले होते? डॉक्टरकडं नेताना?"

"डाँटा. बोले, मेरी घरवाली मास्टरनी है, वो कहती है, दर्द बताने के लिए गर्दन नहीं लगती, मुँह लगता है."

मी कपबशी उचलून आत गेले. ती विसळली, पुन्हा विसळली. माझं वाक्य तुम्ही इतक्या लांब नेलंत, दुसऱ्याच्या उपयोगाला आणलंत आणि घरी मला कधी सांगितलं नाहीत. म्हणजे आपलं भांडण मी हरले नव्हते. तुम्ही फक्त ते मला कळवलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा माय त्याला विचारत होती. तिची हिंदी अशीतशीच. "त्यानं सोताचं काहून न्हाई बताया?"

नेगी हसला. त्याला वाटलं तो एक गमतीची गोष्ट सांगतोय. "पूछा था, माताजी. मैंने भी यही पूछा था. बोले, मेरा क्या है, मेरे पास भेड़ है."

मायनं तोंड फिरवलं. नेगीला कळेना, आपण काय बोलून बसलो. तो अवघडून इकडंतिकडं बघू लागला आणि त्याला भिंतीवरची पिशवी दिसली. तो उठला, जवळ गेला, हात लावला नाही. "यही है?" त्यानं विचारलं. मग लहान मुलासारखं म्हणाला, "एक बार मिलेगी? बस में गर्दन अकड़ गई."

मी मायकडं बघितलं. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. खुंटीवरून पिशवी काढली. सुतळी सोडून वाळू तव्यावर ओतली, पण चूल पेटवली नाही. आधी नेगीपुढं येऊन उभी राहिली.

"कुठं दुखतं? दाव."

त्यानं मान दाखवली.

"हात दुखून राहिला का?"

"नहीं, माताजी."

"छातीत?"

"नहीं."

"घाम? दम लागतो का? खरं बोल. तुह्या बायकोला फोन लावून इचारीन."

"सिर्फ गर्दन, माताजी. कसम से."

तिनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "आदी सांगायचं असतं, लेकरा. मंग कोकरू." आणि चूल पेटवली.

नेगी अर्धा तास ओट्यावर तुमच्या जागी पिशवीची दोन्ही टोकं धरून बसला होता. मी दारातून बघत होते. माय आत बसून रडत होती, पण त्या भिंतीकडं पाठ करून नाही. शेवटच्या बसनं तो गेला. जाताना त्यानं पिशवी दोन्ही हातांनी परत दिली. मागितली नाही, आणि आम्हीही घेऊन जा म्हणालो नाही.

मायनं मला चुलीपाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. तुम्ही असतात तर तुम्हाला विचारलं असतं आणि तुम्ही शेळ्यांना पाणी दाखवायला निघून गेला असतात.

पिशवी खुंटीवर आहे. शेळ्या माय बघते. मी शाळेत जाते आणि संध्याकाळी मनातल्या मनात वाचते. घरात आता कुणाचा खांदा दुखत नाही.